वाय-फायचं जुनंच नाव

अहो,

वॉर्डात माणसं कमी पडलीत म्हणून लवकर बोलावलंय. तुमचा डोळा लागला होता, उठवलं नाही. दुपारी दुकानातला माणूस नवीन राउटर बसवायला येईल. तो महागातला गळ्यात मारायला बघेल, पण आपल्या दोन खोल्यांना साधा पुरतो. दाराजवळच बसवून घ्या.

एक गोष्ट तोंडाने सांगायचा धीर झाला नाही. परवा कामावरून आले, तर आपली चिमी जिन्यात बसलेली. तिच्या लग्नावरून तुम्ही बोलणं तोडलंत, त्यानंतर पहिल्यांदाच दिसली. वाळलीय हो पोरगी. मी म्हटलं, "वर चल ना." तर म्हणाली, "दारापर्यंत जाऊन आले गं. आतून बाबांचा आवाज आला आणि बेल वाजवायला हातच उचलेना." मग मला फोन दाखवला. "आपलं वाय-फाय अजून आपोआप लागतं, आई. मला वाटलं, बाबांनी पासवर्डसुद्धा बदलला असेल." एवढं म्हणाली आणि ओढणीने तोंड पुसत निघून गेली.

तो माणूस नवीन नाव, नवीन पासवर्ड विचारेल. चिमीने ठेवलेलेच त्याला सांगा, एक अक्षरही इकडचं तिकडे करू नका. तिला हाक मारा असं मी म्हणत नाही, ते तुमच्या मनावर आहे. पण ती पुन्हा येऊन जिन्यात बसली, तर या घरातल्या एका तरी वस्तूने तिला ओळखावं.