आधी मोटर बंद, मग कान

बाबा, विक्रोळीची कारखान्याची कॉलनी सोडून आम्ही केव्हाच मुलुंडला आलो, आणि तुमची मुलगी या वयात घरी पाणबुडी बनवतेय. हसू नका. हातभर लांब, ड्रेनेजच्या पीव्हीसी पाइपची, आत बॅटरी आणि दोन छोट्या मोटरी. तळ्याच्या गढूळ पाण्यात डोळ्यांचा काय उपयोग? म्हणून तिला कान द्यायचे. काठाशी पाण्यात टिकटिकणारा एक डबा सोडायचा, आणि तिनं नुसतं ऐकून, आवाज कुठून येतो ते ओळखून, त्याच्यापाशी परत यायचं. दोन वर्षं हाच नाद लागलाय.

आधी मी गाढवपणा केला. माणसाचे कान वीतभर अंतरावर, म्हणून हिचे पाण्यातले माइकही वीतभर अंतरावर बसवले. पण पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगानं धावतो. दोन्ही कानांना जवळजवळ एकदमच पोचतो, मग डावं-उजवं कळणार कसं? मग आडवी दांडी लावून माइक तिच्या दोन टोकांना नेले. पुढून की मागून हा घोळ उरलाच, त्यासाठी थोडं वळून पुन्हा ऐकायचं. घरी मोठ्या टबात हातात धरून तपासलं, झकास चाललं. तळ्यात मात्र वाट लागली. बाई आपली गोल गोल फिरत बसायची. का, ते काही केल्या कळेना.

आणि परवा दांडी पुसताना एकदम तुम्ही आठवलात. मी सात-आठ वर्षांची. खंडेनवमी आहे, मशिनींना झेंडूचे हार घातलेत, घरच्यांना कारखान्यात सोडलंय. तुम्ही फिटर, एक मशीन मुद्दाम चालू करता, बेअरिंगवर लाकडी दांडका टेकवून दुसरं टोक माझ्या कानाला लावता. "काय आयकाक येता?" माझी बडबड चालूच, हार कुणी केले, पेढे कधी मिळणार. तुम्ही सगळ्यांसमोर खेकसलात, "आधी तुजो आवाज बंद कर, मगे दुसऱ्याचो आयक!" मी रडले, पेढाही खाल्ला नाही. फार राग आला होता तुमचा. अजून थोडा आहे.

अहो, ती पाणबुडी स्वतःच्याच मोटरी ऐकत होती! टबात मोटरी बंद होत्या, म्हणून जमत होतं.

म्हणजे चालायचं, मोटर बंद करायची, ऐकायचं, वळायचं, पुन्हा चालायचं. पण ती पाण्याहून किंचित जड आहे, मोटर चालू असेल तरच वर राहते. मोटर थांबली की खाली जाणार, आणि तळाच्या चिखलात रुतली की दोन वर्षं गेली. गोराईला मैत्रिणीच्या वाडीत तळं आहे. मैत्रीण काठावर कमरेवर हात ठेवून उभी. "बुडंल ना गं! आनि मी नाय उतरनार हां त्या चिखलात, आताच सांगते."

"दोरी बांधली तर दोरीच घासलेली ऐकू येईल."

"मग मर," ती म्हणाली, पण हलली नाही.

पाणबुडीवर लाल काडी लावली होती, तेवढीच दिसत होती. काडी थांबली. हळूहळू खाली गेली, टोकासकट. तीन आकडे मोजले, चार मोजले. मग काडी वर आली, काठाकडे वळलेली! पुन्हा थांबली, पुन्हा बुडाली, पुन्हा वर. असं करत करत येऊन तिनं डब्यावर डोकं आपटलं. मैत्रीण ओरडली, "आयला, आली की गं!" आणि मी चक्क रडले. पहिल्यांदा तुम्हालाच सांगावंसं वाटलं.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. तुमचे शेवटचे शब्द "जपान रव" होते, जाताना मला जपून राहायला सांगितलंत, असं मी सगळ्यांना सांगत आलेय. ते मी बनवलेत, बाबा. हॉस्पिटलमधून त्या शेवटच्या फोनवर तुम्ही काहीतरी सांगत होतात, आणि मी आपली डॉक्टर, रिपोर्ट, डबा, बोलतच राहिले. तुम्ही काय म्हणालात, मला ऐकूच आलं नाही.