अम्माचं कापड

प्रिय मुश्ताक,

तुझ्या थोरल्या बहिणीचा, बुबूचा सलाम. माझं अक्षर चौथीपर्यंतचं, लागेल तसं वाच. अम्मा जेवते. मी पण जेवते. खुशाली संपली.

परवा फोनवर तू माझ्यावर ओरडलास. मी यायला रेडी होतो, दोन दिवस थांबला असतात तर भाच्याला माती तरी दिली असती, म्हणालास. अरे, तुझा पासपोर्ट तुझ्या अरब शेठच्या कपाटात. कशाचा रेडी? तोंडाने रेडी व्हायला काय लागतं! आणि भर पावसात मैयत दोन दिवस ठेवायची कुठे? तुझ्या फोनमध्ये?

हा शब्द आपल्या घरात आणलास तूच. विसा रेडी, तिकीट रेडी, बॅग रेडी. माझा शहबाज तुझंच ऐकून शिकला. ट्रक घेऊन निघायचा तवा मी भाकऱ्या बांधत असायची, आणि हा दारातनं रेडी, रेडी करून माझं डोकं खायचा. मेल्या, भाकरी काय रेडीमेड मिळते, म्हणायची मी. हसायचा नुसता. आता कुणाची घाई नाय. भाकरी तव्यावर करपली तरी चालते.

कशेडी घाटात काय झालं ते मागच्या गाडीच्या ड्रायव्हरने येऊन सांगितलं. दरड पडली म्हणून गाड्या अडकलेल्या. सकाळी माती उपसली आणि कुणीतरी हात हलवून ओरडलं, रस्ता रेडी. शहबाजची गाडी सगळ्यात पुढे. हातातला चहा टाकला आणि निघाला. डोंगराला कुणी विचारलं नव्हतं. उरलेला तो अंगावर आला. दवाखान्यात सगळं उरकल्यावर तिथला माणूस म्हणाला, बॉडी रेडी हाय, सही करा. केली मी सही. पोराचं नाव पण नाय घेतलं त्याने.

आता फोनवर बोलले नाय ते लिहिते. माणसं कफन आणायला महाडला गेली, तर सावित्रीचं पाणी बाजारात शिरलेलं, दुकानं बंद. बिरवाडीत पण नाय मिळालं. सगळे पुरुष ओटीवर एकमेकांची तोंडं बघत बसले. तवा अम्मा उठली. पलंगाखालची पेटी ओढली आणि तू जमजमच्या पाण्यात भिजवून मक्केहून आणलेलं ते कापड काढलं. तू हज करून आलास त्या सालापासून ती ते जपते. दर उन्हाळ्यात वाळवते, लवंगा घालून घडी करते, आल्यागेल्याला दाखवते. माझं सगळं रेडी हाय, माझा कुणाला त्रास नाय, म्हणते. तेच कापड तिने माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, घे गो. रेडी हाय.

शहबाज नानीच्या कफनात गेला. शेवटचं तोंड बघायला वाकले तर लवंगांचा वास आला. बाईला पाच कपडे लागतात, पुरुषाला तीन. म्हणून ओढणी आणि कुडता उरला.

आता अम्मा रोज पेटी उघडून ते दोन कपडे बघते. बाकीचं कुठे गेलं गो, विचारते. सांगितलं की रडते. दुपारी परत विचारते. काल म्हणाली, मासूमा, मी आता जाऊ कशी? नागवी जाऊ? मी उठून भांडी घासली.

म्हणून हे पत्र. भांडायला नाय लिहिलं. रेडी झालो, निघालो, असले फोन करू नकोस, सुटशील तवा ये. पण हात हलवत येऊ नकोस. कापड आण, तसंच भिजवून. अम्माला तीन कपडे पुरतील, दोन तिच्या पेटीत हायत. आणि त्याबरोबर बाईचे पुरे पाच कपडे वेगळे बांधून आण. मापाचं विचारू नकोस. माझी उंची अम्माएवढीच हाय.

तुझीच,
मासूमा बुबू