मुंजीच्या फोटोतला भाऊ

आई, इथूनच पाया पडते.

मी बरी आहे, जेवते वेळेवर. बागबाजारात खोली मिळाली. नदीचा घाट जवळच, तिथे आजोबा लोक काय पोहतात गं! असो, ते राहू दे.

व्हिडिओ कॉलवर कुणालने भिंतीवरचा माझ्या मुंजीचा फोटो पाहिला, तेव्हा तू घाईत म्हणालीस, "हा नूपुरचा भाऊ." मला वाचवायलाच म्हणालीस, कळतं मला. पण काल तो हसत म्हणाला, "आपल्या लग्नात माझा कान पिळायला येणार ना तुझा भाऊ? हळू पिळ म्हणावं."

मग सांगूनच टाकलं, "तो मुलगा मीच. मुलगा म्हणूनच वाढले मी."

आधी हसला, थट्टा वाटली त्याला. मग मला खोलीच्या दारापर्यंत सोडून गेला. तेव्हापासून फोन उचलत नाही.

बाबांचा खोकला कसा आहे?

कुणालने तुला फोन केला तर आता भाऊ म्हणू नकोस. काय म्हणावं, ते मलाही सुचत नाही.

तुझीच,
नूपुर