‘ही कुठे गेली’ या प्रश्नाची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, निवृत्त सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. पुरावा हवा असेल तर आज सकाळी अपडेट चालवण्याआधी मी बॅकअप घेतला आणि तो उघडतो की नाही हेही पाहिले. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. असलाच तर तो लिहू नये असा आहे, कारण ‘कशाला हे अभद्र’ म्हणून घरातला प्रत्येक जण कानावर हात ठेवतो. उद्या माझी शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात साधी आहे. मीसुद्धा नोकरीभर लोकांना ‘साधे अपडेट आहे’ असेच सांगत आले, त्यामुळे त्या वाक्यात किती जीव असतो ते मला चांगले ठाऊक आहे.

वकीलबाईंनी एक मसुदा दिला होता. घर, दागिने, ठेवी, सगळे त्यात नीट बसवले होते. जिन्याखालच्या मशीनसाठी मात्र ‘इतर किरकोळ वस्तू’ एवढेच. अंगाचा तिळपापड झाला. मी तो मसुदा परत केला आणि हे लिहायला बसले.

कलम एक. राहते घर आणि सर्व ठेवी माझ्या पतींच्या हयातीपर्यंत त्यांच्यासाठी वापराव्यात. त्यानंतर सर्व काही मुलीचे. माझ्या पतींना घरातदारात सगळे ‘सर’ म्हणतात. ते शाळेत चित्रकला शिकवत. मीही सरच म्हणते. त्यांची स्मृती गेली काही वर्षे हातातून सुटत चालली आहे, हे नातेवाईकांना माहीत आहे, तरी कायद्यासाठी लिहिले.

कलम दोन. जिन्याखाली चालू असलेले मशीन म्हणजे ‘थोरली’. ऑफिसने भंगारात काढलेला तो संगणक मी मागून आणला आणि त्यावर लिनक्स घातले. मुलीच्या घरी पुस्तकांच्या कपाटामागे आहे ती ‘धाकटी’. या दोघी जावा आहेत असे समजावे. थोरली दिवसभर राबते आणि धाकटी रोज संध्याकाळी तिने काय काय केले त्याची नक्कल उतरवून घेते. थोरली गेली तर धाकटी घर सांभाळू शकते. धाकटी गेली तर थोरलीला काही वाटत नाही. दोघींचा ताबा मुलीकडे जावा. पासवर्ड तिच्याकडे आधीच दिलेले आहेत. तिने ते वाढदिवसाच्या तारखेवर बदलून ठेवू नयेत, ही आईची नव्हे तर अ‍ॅडमिनची सूचना समजावी.

(इथे मी उठून थोरलीचा पंखा ऐकून आले. आवाज वेगळा वाटला होता. काही नव्हते.)

कलम तीन खोडले आहे. त्यात माझ्या जुन्या साहेबांविषयी जे लिहिले होते ते वकीलबाईंना दाखवण्याजोगे नव्हते. त्याऐवजी असे लिहिते: पाहुण्यांशी माझी ओळख ‘आमच्याकडे कॉम्प्युटर बघणाऱ्या बाई’ अशी करून देणारे आणि ‘इंटरनेट मेलंय’ म्हणून दर आठवड्याला मला तीन मजले चढायला लावणारे माझे माजी साहेब यांना इंटरनेटची ती निळी केबल द्यावी. ती प्रत्येक वेळी त्यांच्याच पायाने निघालेली असे. हे मी त्यांना कधी सांगितले नाही, खाली वाकून लावून यायचे. आता त्यांनी स्वतः वाकावे.

कलम चार. स्क्रूड्रायव्हरचा संच, केबलच्या टोकाला क्लिप बसवायची पक्कड आणि लेबल छापायचे यंत्र मुलीला. माझा जाड कळांचा कीबोर्ड धाकट्या दिरांना, म्हणजे भाऊजींना. त्याचा आवाज ऐकून ते इतकी वर्षे वैतागले, आता वाजवून पाहावा. भाऊजींना मी ‘बंदचालू’ म्हणते, कारण टीव्ही असो, गिझर असो किंवा माणूस रुसलेला असो, त्यांचा उपाय एकच: बंद करून चालू करा. चिडवते, पण सरांना आंघोळ घालायला मला ताप असताना भाऊजीच आले होते. तेही या कागदावर असावे.

कलम पाच. आता मुख्य गोष्ट. हे कलम मी तीनदा लिहिले आणि तीनदा फाडले, म्हणून पानांचे आकडे जुळत नाहीत.

स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी भिंतीवर एक पडदा आहे. तो थोरलीवर चालतो. त्यावर वार आणि तारीख मोठ्या अक्षरांत दिसते, गोळी घेतली की नाही ते दिसते, आणि दारात कोणी आले तर त्याचा फोटो व नाते दिसते: ‘हा तुमचा धाकटा भाऊ.’ सर या पडद्यावर विसंबून असतात. डॉक्टरांवर, मुलीवर, माझ्यावर त्यांना संशय येतो, पण पडद्यावर येत नाही. त्याच्याखाली मी एक मोठे बटण बसवले आहे. सर दिवसभरात सगळ्यांत जास्त वेळा एकच गोष्ट विचारायचे, ‘ही कुठे गेली?’ ही म्हणजे मी. बटण दाबले की उत्तर दिसते. बाहेर पडताना मी फोनवरून लिहिते, ‘बाजारात गेले आहे, येते.’ घरात असले तर, ‘घरातच आहे, हाक मारा.’ हे बटण बसवल्यापासून त्यांची घालमेल पुष्कळ कमी झाली. माझ्या हातून झालेले सगळ्यांत चांगले काम हेच, असे मी समजत होते.

मी गेल्यावर त्या बटणाने काय उत्तर द्यायचे, हा या मृत्युपत्रातला खरा प्रश्न आहे. बाकी घर, ठेवी, पक्कड यांची व्यवस्था कोणीही लावील.

कलम पाच, पुढे. आमच्या कामात एक रीत आहे. जो बॅकअप कधी परत चढवून पाहिला नाही, त्याला आम्ही बॅकअप म्हणत नाही. त्या रीतीप्रमाणे मी गेल्या महिन्यात माझ्या नसण्याची तालीम घेतली. मुलीला आणि भाऊजींना सांगितले, ‘आज मी नाही असं समजा. फोन करायचा नाही.’ आणि माझ्या बहिणीकडे, ताईकडे, जाऊन बसले. ताईने जेवायला वाढले, मी फोनकडेच पाहत होते. तिने तो डब्यात घालून कपाटात ठेवला.

त्या दिवशी पडदा मध्येच अडकला. मुलगी औषध आणायला गेली होती. भाऊजींनी आपल्या स्वभावाला जागून मुख्य खटका पाडला, वीज गेल्यावर थोरलीला जागे ठेवणारा यूपीएसही बंद केला आणि मग सगळे पुन्हा चालू केले. थोरली आजवर कधी पुरती बंदच झाली नव्हती, त्यामुळे तिच्या पोटातला घड्याळाचा सेल मेला आहे हे कोणाला कळायला मार्ग नव्हता. एरवी ती इंटरनेटवरून वेळ विचारून घेते. राउटर अजून उठायचा होता. विचारायला कोणी नाही म्हटल्यावर ती जागी झाली ती थेट स्वतः बनली त्या जुन्या सालात, सर नोकरीत होते त्या काळात. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आले: सोमवार, आणि ते साल.

सरांनी ते वाचले. इस्त्रीचा शर्ट काढला, दाढी केली, कित्येक महिन्यांत न जमलेली बुटांची नाडी स्वतः बांधली आणि शाळेत गेले. रस्ता बरोबर आठवला. भाऊजी चपला घालायच्या राहून तसेच मागे धावले. शाळेच्या शिपायाने सरांना ओळखले, चित्रकलेच्या खोलीत नेऊन बसवले आणि फळ्यावर खडूही दिला. मुलांनी टाळ्या वाजवल्या, असे भाऊजी सांगतात. परत येताना सर शीळ घालत होते.

मी परत आले तेव्हा घरात वाद पेटला होता.

भाऊजी म्हणाले, “वहिनी, मी सांगतो, ते साल पडद्यावर कायमचं लावून ठेव. दादा खुशीत होता गं. त्या सालात तू रोज ऑफिसला जायचीस. बटण दाबलं की ‘ऑफिसला गेली आहे, येईल’ एवढंच दाखव. काय वाईट आहे?”

मुलगी म्हणाली, “काका, बाबांना खोटं सांगायचं? तेही रोज? खरं काय ते लिहा. आई गेली, असं लिहा.”

“आणि मग तो रोज नव्याने ऐकणार. दिवसातून दहादा रडवणार आहेस का त्याला?”

“मग दहादा खोटं बोलणार तुम्ही?”

दोघांचेही मला पटले आणि दोघांचाही राग आला. माझ्या मरणावर माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्यासमोर भांडत होते. मी दोघांनाही चहा दिला नाही.

तेवढ्यात मुलगी एक गोष्ट सहज बोलून गेली. शाळेतून आल्यावर सरांनी बटण दाबले होते. मी सकाळी लिहून गेले होते, ‘ताईकडे गेले आहे, संध्याकाळी येते.’ ते वाचून सर फाटकाशी जाऊन उभे राहिले. कशासाठी उभे आहोत हे थोड्या वेळाने विसरले, पण आत यायला तयार होईनात. मी रिक्षातून उतरले तेव्हाही तिथेच होते. मला पाहून आत गेले. ‘येते’ हा शब्द ते विसरतात, वाट पाहणे विसरत नाहीत. माझ्यामागे जर पडद्यावर ‘येईल’ असे लिहिले, तर मी माझ्या नवऱ्याला मरेपर्यंत फाटकाशी उभे करून ठेवीन. म्हणून भाऊजींची सूचना मी नामंजूर करते. घड्याळाचा नवा सेल मी दुसऱ्याच दिवशी बसवला.

मुलीची सूचना मंजूर करावी असे ठरवून मी आज पुन्हा लिहायला बसले. ‘ती वारली आहे’ असे वाक्य थोरलीत टाइप केले. खोडले. ‘ती आता नाही’ केले. खोडले. ‘देवाघरी’ मला चालत नाही, सरांनाही चालत नसे. मध्ये उठून थोरलीच्या नोंदींचे लॉग पाहिले, धाकटीने नक्कल नीट उतरवली का ते पाहिले, गॅस बंद आहे का ते पाहिले. ऑपरेशनच्या भीतीने हे होते आहे असे मुलगी म्हणते. मला ऑपरेशनची भीती नाही. मला त्या बटणाची भीती वाटते.

आणि आत्ता, हे लिहीत असताना, सर खोलीत आले. त्यांनी बटण दाबले होते. पडदा आपले काम चोख करत होता.

दारातून म्हणाले, “अहो बाई, तिथे लिहिलंय घरातच आहे म्हणून. मी सगळं घर पाहिलं. आमची ही कुठे गेली?”

मी म्हटले, “अहो, मीच की.”

सरांनी सभ्यपणे मान हलवली. परक्या बाईची चूक दाखवून तिला ओशाळे करायचे नसते, तशी. पडद्यावरचे उत्तर खरे होते आणि त्याचा त्यांना काडीचा उपयोग नव्हता.

मी खुर्ची ओढली. “बसा ना. कशा आहेत हो त्या?”

सर बसले. जरा विचार करून म्हणाले, “चांगली आहे. पण एका जागी बसत नाही. सारखं तिचं काहीतरी बिघडलेलं असतं, की उठली. मी म्हणतो, बस गं जरा. तर म्हणते, आलेच.”

जिन्याखाली यूपीएस वाजू लागला. मी उठले नाही. सरांनी माझा हात हातात घेतला, कोणाचा म्हणून घेतला ते मला माहीत नाही. बऱ्याच वेळाने त्यांचा चेहरा निवला. ते अजून इथेच आहेत.

कलम पाच, अखेरचे. यापूर्वी लिहिलेली त्याची सर्व रूपे रद्द समजावीत.

माझ्या मृत्यूनंतर त्या बटणाने पडद्यावर काहीही दाखवू नये. वार, तारीख, गोळ्या, दारातले फोटो हे थोरलीने करत राहावे. ‘ही कुठे गेली’ हे थोरलीचे काम नाही, मी ते तिच्याकडून काढून घेत आहे. बटण दाबले की मुलीचा आणि भाऊजींचा फोन वाजेल, एवढी सोय मी आज इथे बसूनच फोनवरून केली आहे. घरात जो असेल त्याने हातातले काम टाकून सरांजवळ जावे. दोघेही बाहेर असतील तर ज्याला आधी पोचता येईल त्याने यावे. खरे सांगायचे की नाही, हे त्या वेळी त्यांच्या तोंडाकडे पाहून ठरवावे. सांगितलेत आणि ते रडले तर रडू द्यावे. पण शेजारी बसावे, त्यांना माझ्याविषयी विचारावे, आणि ते बोलत असताना ‘आलेच’ म्हणून उठू नये. मी आयुष्यभर उठत आले. माझ्या वाटचे बसणे मी तुम्हा दोघांना देऊन जात आहे.

हे सर्व वाचून, समजून, उजव्या हाताने सही करत आहे. डावा हात सरांकडे आहे.

सही: मृत्युपत्र करणारी

ठिकाण: जिन्यालगतची खोली
दिनांक: शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, बुधवार, दुपार

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली. सही करतेवेळी त्या पूर्ण शुद्धीवर होत्या. सर शेजारी बसून होते आणि आम्हा दोघांना त्यांनी विचारले की ही कुठे गेली. आम्ही दोघेही बसलो.

साक्षीदार: शेजारच्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई
साक्षीदार: गल्लीतले वायरमन