अडलेली रजिस्ट्री

बऱ्हाणपूर
६ एप्रिल २०२६

चि. जीवनास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण जिना चढते-उतरते. ऊन असं तापलंय की दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा फिरकत नाही. पलीकडच्या पावरलूमचा खटखटाट मात्र चालूच. परवा लाइट गेली, लूम थांबले आणि मी दचकून उठले. शांतता सोसत नाही रे आता.

कागदावर लिहितेय म्हणून हसू नकोस. फोनवर तू "हं, बोल ताई" म्हणतोस, तेवढ्यात तुझ्या लिफ्टचा आवाज येतो आणि माझं बोलणं पोटातच राहतं.

हिमानीचा मेसेज आला होता. "आत्या, सरकारी साइटवर आपल्या राजपुऱ्यातली घरं कितीला गेली ते दिसतं. आपलंच नाही दिसत. दिवाळीत विकलं ना?" पोरगी चौकस आहे, बापावर गेलेली नाही. पण पाठोपाठ तुझा फोन. "ताई, नोटरीवर उरकलंस का? कुणी फसवलं तर नाही ना?" भूगोल शिकवण्यात जन्म गेला माझा, मला कोण फसवतंय!

हिमानीला सांग, त्या साइटवर रजिस्ट्री झालेलीच विक्री चढते. आणि आपल्याकडे घर विकलं जाणं निराळं, रजिस्ट्री होणं निराळं. कडूभाऊंचं घर पुतण्याने रोख मोजून घेतलं, पण कागद केला दानपत्राचा, कारण घरातल्या घरात स्टॅम्प कमी लागतो. म्हणजे सरकारदरबारी काकाने पुतण्याला मायेने घर दिलं! नळावरून एकमेकांच्या अंगावर धावून जायचे ते दोघं, आठवतं ना? कोपऱ्यावरचं घर नोटरीच्या कागदावरच गेलं. नवी माणसं राहतात आणि विजेचं बिल अजून जुन्या मालकाच्या नावाने येतं. पोस्टमनला सगळं पाठ आहे, साइटला काही ठाऊक नाही.

आपल्या घराचं यातलं काहीच नाही. गिरधर सरळ माणूस आहे. तुकईथडला त्याची केळी आहेत. मुलीच्या शाळेसाठी त्याला शहरात घर हवं होतं. बयाना दिला, सौदाचिठ्ठी झाली, आणि मीच म्हटलं, कशाला भाडं भरतोस, खाली राहायला ये. तेव्हापासून तो, मनीषा आणि त्यांची अमृता खाली, मी वर. मनीषा काल रव्याचा गोड दराबा घेऊन आली होती. तोंडात टाकला आणि तू आठवलास, वाटी चाटणारा.

माझी सोय मी केली आहे. लालबागला दोन खोल्या बघितल्या, स्टेशनच्या अगदी जवळ. दलाल म्हणाला, "ताई, दिवसरात गाड्यांचा आवाज येईल." मी म्हटलं, येऊ दे. गाडीतून उतरणाऱ्या माणसाला रिक्षासुद्धा करावी लागणार नाही.

आता खरं सांगते. आई गेल्यावर घर आपल्या दोघांच्या नावावर झालं, म्हणून सह्या दोघांच्या लागतात. तू पटकन मुखत्यारनामा करून पाठवलास, की माझ्या वतीनेही तूच सही कर. मी तुला कळवलं, इथे असलं चालत नाही, स्वतः यावं लागतं. तू म्हणालास, "बघतो, मार्चएंड जाऊ दे."

जीवन, मुखत्यारनामा चालतो. वकिलाने चष्मा लावून पुन्हा पुन्हा वाचला आणि म्हणाला, "एक नंबर कागद आहे ताई, उद्याच चला." मी म्हटलं, नको, माझा भाऊ येणार आहे. तोंडातून निघून गेलं. मग गिरधरलाही तेच सांगितलं आणि सांगतच राहिले. म्हणून ती रजिस्ट्री अडली आहे, आणि म्हणून तुझ्या हिमानीला घर दिसत नाही. बाकी काही कारण नाही. तू सही कुरिअरने पाठवलीस आणि मला सही नको होती रे, तू हवा होतास.

आईच्या तेराव्याला तू जेवलास आणि संध्याकाळच्या गाडीने निघालास, तो निघालासच. आपलं भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, कुणीतरी मध्ये पडून समेट केला असता. नुसतंच येणं राहून गेलं, त्याला काय करायचं?

मी अशीच अजून दिवस ढकलले असते. पण काल जिन्यात उभी होते आणि गिरधर खाली फोनवर आईशी बोलत होता. धुरपदाबाई गावी एकट्या आहेत. त्यांना जिना चढवत नाही, म्हणून त्याला खालीच संडास-बाथरूम काढायचं आहे, आणि मालकी हातात आल्याशिवाय दुसऱ्याच्या भिंतीला हात लावणार नाही म्हणतो. सांगत होता, "माय, थोडे दिवस अजून. ताईचा भाऊ येऊन राहिला ना." मला माझी लाज वाटली. माझा भाऊ यावा म्हणून मी त्याची आई तिकडे अडवून ठेवली आहे.

तेव्हा आता बस. अक्षय्य तृतीया, आपली आखाजी, एकोणीसला, रविवारी आहे. सोमवारी मी रजिस्ट्रीला जाणार, वकिलाला सांगून ठेवलं आहे.

अमृताने आत्तापासून झोक्याचा हट्ट धरलाय. लिंबाच्या त्याच फांदीला बांधणार आहोत. दर आखाजीला तू बाबांबरोबर आत्याला आणायला खकनारला जायचास. मुराळी म्हणून छाती काढून यायचास, जसं काही आत्याला लढाई मारून आणलं आहे! गल्लीतल्या सगळ्या पोरींना कुणी ना कुणी घ्यायला जायचं. मला घ्यायला कधी कुणी आलं नाही, कारण मी कुठे गेलेच नाही. त्याचं मी कधी काही म्हटलं नाही. आता म्हणते. जन्मात एकदा मला घ्यायला ये. सासरहून नाही, माहेरातूनच बाहेर काढायचं आहे मला. किल्ली गिरधरच्या हातात दे, माझी पेटी उचल आणि लालबागच्या खोलीपर्यंत सोड. मग जा हवं तर त्याच संध्याकाळच्या गाडीने.

आला नाहीस तर सोमवारी तुझ्या जागी मी सही करीन. धुरपदाबाई घरी येतील, साइटवर घर चढेल, हिमानीला किंमतही दिसेल. सगळं कायदेशीर होईल.

एक मात्र कर. हे वाचून फोन करू नकोस. फोनवर तू अडचण सांगशील आणि मी लगेच म्हणेन, "असू दे रे, नको येऊ, मी बघते." मला तेवढंच बोलता येतं.

झोका बांधून ठेवते.

तुझी,
अजून त्याच घरात असलेली,
सुलभाताई