लाल माती, पिवळी पानं

ता. ४ ऑगस्ट
परसातल्या मुडलीची, म्हणजे आमच्या अळकंदाची, कोवळी पानं पिवळी. शिरा तेवढ्या हिरव्या. कुंपणापलीकडं शेजारी गणूची मुडली मात्र हिरवी काळीशार. माती तीच, पाऊस तोच. परवा कुंपणाशी वाकला होता. म्हणे, "म्हशीचं दावं शोधतोय." म्हैस गोठ्यात! कायतरी ओतलं असणार.
कंद सौ.च्या माहेरचे, अणशीचे. ती गेल्यावर तिचं म्हणून एवढंच हाय.

ता. ६
नात सुमा धारवाडहून आली. मातीचंच शिकते. पानं बघून म्हणाली, "अज्जा, ह्यांना लोखंड मिळंना."
हसलो. आमची माती लालभडक ती लोखंडानंच की!
"हाय, पण दगडागत घट्ट. विरघळंना. मातीतले जिवाणू बारीक गळ सोडतात, रसायनाचा. लोखंड अडकलं की आत ओढतात. झाडालाबी थोडं मिळतं."
काळी नदीवर गळ टाकून बसायचो, ते दिवस...
माझेच जिवाणू का उपाशी? गणूनं मारले?

ता. ७
काही जिवाणू म्हणे गळ करतच नाहीत. दुसऱ्याचा भरलेला गळ ओढून नेतात. थेट गणू! शाळेत कवितेच्या ओळी मी मागून पुरवायचो, शाबासकी त्याला.
आज विचारलंच, "मुडलीला काय घातलंस?"
"तुझ्या कविता. म्हणून पिवळी पडली."
बोलणं बंद.

ता. ९
सुमानं मातीवर लिंबू पिळलं. फसफसली. "चुना, अज्जा. चुन्यात लोखंड आणखी घट्ट बसतं."
मी ओरडलो, "गणूच!"
आतून सूनबाई, "मामंजी, तुळशीकट्टा रंगवून उरलेला चुना तुम्हीच तिथं ओतायला लावलात की."
व्हय. पण मग तो वाकला कशाला होता?

ता. १०
चुन्याची माती काढली, शेण घातलं. नव्या खड्ड्यात जुन्या मुडलीखालची ओंजळभर माती घालायची आमची रीतच. सुमा म्हणते, त्यातनंच जिवाणू येतात. माझी तर सगळी चुन्याची. गणूकडं जावं लागलं.
"माती मागायला आलास का झडती घ्यायला?"
पण मुळाखालची खणून दिली. देताना शाळेतल्या कवितेची एक ओळ म्हणाला. पुढची अडली. मी सांगितली न्हाई. घरी येऊन माती दोनदा हुंगली.

ता. २१
नवं पान आलंय, अजून सुरळीतच. रंग कळंना. गणू परत कुंपणाशी वाकलेला. म्हणाला, "उलगडलं का रे?" नि तीच ओळ.
पुढची माझ्या ओठावर होती. पान हिरवं निघू दे आधी.