नागेशच्या नावाची बाटली

बारामती,
१७ जानेवारी १९९६

चि. सौ. सिंधूस आशीर्वाद. घरी सगळे बरे असाल. नागेशच्या लघवीत साखर निघाली, म्हणून हे लिहावे लागत आहे. पत्र तू स्वतः वाच, माझ्या भावाकडून, सर्जेरावकडून वाचून घेऊ नकोस.

पाठीच्या दुखण्यासाठी सुरू झालेल्या त्या अफूच्या जातीच्या कॅप्सूल तुझ्या मुलाने सोडल्या की नाही, एवढेच पाहायचे होते. बाटली तू सणसरहून एसटीने आणलीस. पुण्याचा रिपोर्ट आला: औषधाचा अंश नाही. माझ्या शब्दावर शाळेने त्याला मुलांच्या जीपवर ड्रायव्हर म्हणून घेतले आहे, म्हणून हेडमास्तरांकडून किल्लीही मीच आणून ठेवली. उद्यापासून तो गाडीवर जाणार होता.

आज इथल्या लॅबवाल्याने त्याच बाटलीच्या साध्या तपासणीचा कागद दिला. म्हणाला, "बाई, भाचा कारखान्यात हाय का? साखरंचा उतारा लई पडलाय."

घरी आले. नागेश किल्ली न्यायला येऊन बसला होता. विचारले, बाटली कुणी भरली?

"आईनं. म्हणली, माझ्यात काय निघणार हाय?"

"आणि तुझी दिली असती तर?"

"घावलो असतो, आत्या."

तुला सारखी तहान लागते. टाचेची जखम दिवाळीपासून भरत नाही. उसात अनवाणी फिरतेस म्हणून मी तुला बोलले. डॉक्टरकडे मात्र नेले नाही. संक्रांतीचा तिळगूळ उरला असेल तर आजच वाटून टाक.

मध्येच उठले होते, पुन्हा लिहायला बसले. त्या जीपमध्ये पोरे खच्चून भरलेली असतात आणि रस्ता कालव्याच्या कडेने जातो. मी नागेशला म्हटले, तुझा डोळा लागला असता तर तो रिपोर्ट कुणाच्या आईला दाखवायचा होता? तो खाली बघून म्हणाला, "आईला बोलू नका. ती डॉक्टरला न्हाय भ्याली, तुमाला भ्याली. आक्कांचा शब्द खाली पडंल म्हणली."

चहा ठेवला, तो उतू गेला.

उरलेल्या कॅप्सूल त्याने स्वतःहून काढून दिल्या. परवा मी त्याला पुण्याला नेते. डॉक्टर ठेवून घेतील. सर्जेरावला मी येऊन सांगेन, तू त्याच्या तोंडी लागू नकोस. आणि चप्पल घाल.

तुझी,
आक्का

आज हाती दिले ते असे. जीपची किल्ली हेडमास्तरांना परत दिली, कारणासह. लॅबवाल्यासमोर नागेशने भरलेली बाटली लॅबमध्ये दिली. शेजारचा दादासो सणसरला निघाला आहे, त्याच्याकडे हे पत्र आणि एक रिकामी बाटली दिली आहे. तिच्यावर तुझे नाव घातले आहे. उद्या सकाळी भर आणि उपाशीपोटी ये. मी स्टँडवर उभी असेन.